जुन्या मोटारीचें निदान

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला आणि मिर्झा राजे जयसिंगांची छत्री, यांसाठीं अकोला जिल्ह्यांतील बाळापूर हें गांव इतिहासांत प्रसिद्ध आहे. किल्ल्याचें काम एलिचपूरच्या नबाब इस्माइलखानानें १७५७ सालीं पुरें केलें. पुढें इंग्रजी अमदानींत आगगाडी आली ती मात्र या गांवास बगल देऊन, उत्तरेकडील पारसवरून गेली. बाळापूरचें दळणवळण त्यामुळें सडकेवरच राहिलें. खामगांवहून अकोल्याकडे जाणारी ही सडक कालांतरानें हाजिरा ते कलकत्ता या राष्ट्रीय महामार्ग ६ चा एक तुकडा झाली. आतां तिचा क्रमांक ५३ आहे. ज्या गांवाचा व्यवहार सडकेवर, त्या गांवास मोटारीच्या दुखण्यांचा परिचय पुस्तकें न वाचतांहि होतो.

नवी मोटार कोणासहि चालवितां येते. तिचा खरा स्वभाव कळतो तो ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं गेल्यावर. आणि मध्यम स्थितींतील कित्येक कुटुंबांत दाराशीं आलेली पहिली मोटार ही दुसऱ्या कोणाची तरी जुनी मोटार असे. कैक वर्षांची शिल्लक तींत घातलेली. अशा गाडीचें निदान चुकलें तर घरांतील एखादें लग्न किंवा मुलाचें शिक्षण पुढें ढकलावें लागे. रोग ओळखण्याची विद्या वाढली ती या धास्तीपोटीं.

तिचा आरंभ फोर्ड कंपनीच्या 'टी' गाडीच्या काळांत सांपडतो. १९०८ ते १९२७ या काळांत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या; हिंदुस्थानांत त्या मुख्यतः कॅनडांतील कारखान्यांतून येत. या गाडींत पेट्रोलला पंप नव्हता. टाकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनानें इंजिनाकडे उतरे. उभ्या चढावर इंजिन वर आणि टाकी खालीं अशी स्थिति होऊन, पेट्रोल थोडें असल्यास, गाडी बंद पडे. ज्यास हें कारण ठाऊक नसे तो कार्बुरेटर उकलीत बसे. ज्यास ठाऊक असे तो गाडी वळवून घेई आणि उलट्या गतीनें चढ चढून जाई. दोघांपुढें गाडी तीच आणि लक्षणहि तेंच!

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ मध्यें, पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि मोटारींच्या पाठीशीं कोळशाचा वायु करणाऱ्या भट्ट्या दिसूं लागल्या. त्या वायूबरोबर राख आणि डांबर इंजिनांत शिरे व पिस्टनच्या रिंगा झिजून जात. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली. जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं काढलेला जुळणीचा कारखाना १९५४ मध्यें बंद केला. देशांत तयार होणारी ॲम्बॅसडर १९५७ च्या सुमारास आली. कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट, जिला पुढें पद्मिनी म्हणूं लागले, हीहि रस्त्यावर दिसूं लागली. पण नव्या गाडीसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून थांबावें लागे. जुन्या गाडीचे सुटे भाग दुर्मिळ आणि महाग. बाळापुरांतील माणसास एक पंप हवा असेल तर अकोल्यास माणूस धाडावा लागे, आणि तेथें न मिळाल्यास नागपूर किंवा मुंबई. अशा टंचाईंत 'बदलून पाहूं' हा शब्द मिस्त्रीस परवडणाराच नव्हता. कोणता भाग दोषी हें पक्कें ठरल्यावांचून तो खिळ्यासहि हात लावीत नसे. त्या पिढीचें निदान इतकें सरस कां होतें, याचें उत्तर कौशल्यापेक्षां या टंचाईंतच अधिक सांपडतें.

त्यांचीं साधनें अगदीं साधीं होतीं. लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावली, तसा मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानास आणि टोंक इंजिनास लावून आवाज ऐके. वरच्या बाजूची हलकी टिकटिक टॅपेटची. खालचा जड ठोका बेअरिंगचा. ठोका कोणत्या सिलिंडरचा हें पाहण्यासाठीं तो एकेका प्लगची तार काढी. जी काढतांच ठोका मंदावे, तेथील बेअरिंग गेलें. इंजिनाचा दम पाहण्यास हँडल पुरे. चार वेळां हाताला सारखा जोर लागला तर ठीक; एका फेऱ्यास हात सैल सुटला तर तो सिलिंडर दुबळा. मग प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल आंत सोडून पुनः फिरवावें. जोर वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाहींत.

धुरावरूनहि असेंच समजे. काळा धूर म्हणजे पेट्रोल फाजील, निळसर म्हणजे तेल जळतें. निळ्या धुरांत पुनः भेद आहे: सकाळीं सुरू करतांच एक लोट येऊन थांबला तर तेल व्हॉल्व्हच्या बाजूनें रात्रभर झिरपलेलें, चढावर जोर देतांना सतत येत असेल तर रिंगा. पहिलें काम थोडक्या खर्चाचें, दुसऱ्यांत इंजिनच खोलावें लागतें. गाडी विकणारा माणूस गिऱ्हाइकास आधींच तापविलेलें इंजिन कां दाखवितो, तें यावरून ध्यानांत येईल.

वऱ्हाडांतला मुख्य रोग मात्र उष्णतेचा. बाळापूर तालुका पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत मोडतो. तेथील विहिरीचें खारें पाणी रेडिएटरमध्यें घातलें कीं आंत क्षार आणि गंज धरतो, नळ्या अरुंद होतात आणि गाडी उकळूं लागते. उकळत्या गाडीचें झांकण उघडणें म्हणजे तोंड भाजून घेणें होय. इंजिन निवल्यावर झांकण काढून तें पुनः सुरू करावें. पाण्यांत सारखे बुडबुडे येत असतील व तेल दुधाळ दिसत असेल, तर दोष रेडिएटरचा नसून वरच्या गॅस्केटचा असतो.

याहून फसवा प्रकार आणखी एक आहे. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांपलीकडे जातो. खामगांवहून निघालेली जुनी ॲम्बॅसडर बाळापुरास चहासाठीं दहा मिनिटें थांबते आणि मग कांहीं केल्या सुरू होत नाहीं. तासाभरानें आपोआप सुरू होते. याचीं कारणें दोन असूं शकतात. एक, तापलेल्या नळींत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो; यास पुष्कळजण 'एअर लॉक' म्हणतात, वास्तविक तेथें हवा नसून पेट्रोलचीच वाफ असते. दुसरें, तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो व ठिणगी पडत नाहीं. दोन्ही निवल्यावर सुधारतात, म्हणून लक्षणावरून भेद होत नाहीं. ओलें फडकें घालण्याचा उपाय सर्वत्र माहीत आहे. पण पंप आणि कॉइल या दोहोंवर एकदम पाणी ओतणाराची गाडी सुरू होते आणि रोग कायम राहतो. दुसऱ्या दिवशीं तो नवा पंप बसवितो, तिसऱ्या दिवशीं गाडी पुनः उभी! अनुभवी मिस्त्री प्रथम प्लगची तार इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून ठिणगी पाहतो. ती निळी व जोरकस असेल तर कॉइल निर्दोष. त्यानंतरच तो ठिणगी बंद करून कार्बुरेटरची नळी सैल करतो व हँडल फिरवून पेट्रोलची पिचकारी येते कीं नुसते फुगे येतात तें बघतो. हा क्रम उलटा केल्यास सांडलेल्या पेट्रोलवर ठिणगी पडण्याचा धोका आहे.

ब्रेकच्या बाबतींत प्रयोगास वाव नाहीं. पायाखालीं स्पंजासारखें लागलें तर नळींत हवा आहे. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जात असेल तर तेल गळतें आहे किंवा मुख्य सिलिंडरचें रबर गेलें आहे. अशी गाडी जागची हलवूं नये.

ॲम्बॅसडरचें उत्पादन २०१४ मध्यें थांबलें. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. कार्बुरेटर, पॉइंट आणि हँडल हींहि गेलीं. आतां दहा-पंधरा वर्षांची जी मोटार जुनी म्हणून विकत घेतात, तिच्यांत संगणक असतो आणि हातांतले यंत्र जोडतांच तो दोषाचा क्रमांक सांगतो. सुटे भागहि मुबलक झाले. त्यामुळें क्रमांक वाचावा आणि भाग बदलावा अशी रीत पडली. परंतु 'पी ०३०३' या क्रमांकाचा अर्थ तिसरा सिलिंडर नीट पेटत नाहीं एवढाच आहे. दोष कॉइलचा, प्लगचा, पेट्रोलच्या पिचकारीचा कीं झिजलेल्या व्हॉल्व्हचा, हें तो सांगत नाहीं. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडींत जाणता मिस्त्री नवें कांहीं विकत आणण्यापूर्वीं तिसरी कॉइल पहिल्या जागीं आणि पहिली तिसऱ्या जागीं लावून गाडी एक फेरी हिंडवून आणतो. परत आल्यावर यंत्रांत 'पी ०३०१' उमटलें तर कॉइल बदलावयाची. पुनः ०३०३ च आलें तर ती तशीच राहूं देऊन तो प्लगकडे वळतो.