डाळिंबाचं पाणी आणि 1977 सालचं एक टेबल

यंदाच्या एप्रिलमध्ये एक वीकएंड सांगोल्याला मामांच्या मळ्यात काढला. म्हटलं, आराम करू. तर झालं असं, की आंबे बहराची फळं झाडावर, डोक्यावर ऊन, आणि ठिबकचा कंट्रोलर शुक्रवारपासून गोठलेला. डाळिंबाच्या पाण्यात खाडा पडला आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फळ तडकतं. तडकलेल्या फळाला व्यापारी विचारत नाही. "आरं, तू कंप्युटरमधला ना? मग बघ की," मामा म्हणाले.

विकणाऱ्याने फोनवर सांगितलं की नवीन फर्मवेअरची फाइल ईमेल करतो, पेन ड्राइव्ह फॅट32 करून त्यावर टाका आणि खोचा. सोपं काम. थ्री फेज दुपारी दोनला जाणार होती, तोवर मोटर चालू व्हायला हवी. माझ्याजवळ होतं मॅकबुक.

पहिला प्रयत्न : कंट्रोलर म्हणाला, ड्राइव्हच सापडत नाही. दुसरा प्रयत्न : फाइल खराब आहे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंधरा वर्षं नक्की काय काम करतोय ही शंका मलाही आली :-)

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? अहो, सगळा इतिहासच आहे!

1977 साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्डने बेसिकसाठी, फ्लॉपीवरच्या फाइलींचा हिशेब ठेवायला एक साधं टेबल बनवलं. डिस्कचे सारखे तुकडे करायचे आणि टेबलात प्रत्येक तुकड्यासमोर फक्त 'पुढचा तुकडा अमुक नंबरचा' एवढंच लिहायचं. लहानपणी खजिन्याचा शोध खेळायचो, प्रत्येक चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता, तसंच. हेच फाइल अलोकेशन टेबल, म्हणजे फॅट. टिम पॅटरसनने 1980 मध्ये ही कल्पना आपल्या 86-डॉसमध्ये घेतली, त्यातून एमएस-डॉस झालं, आणि मग हे टेबल जगभर गेलं. 1984 ला फॅट16, 1996 ला विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट32. त्यात फाइलचा आकार 32 बिटांत लिहितात, म्हणून एक फाइल 4 जीबीपर्यंतच.

त्याच 1996 साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. तिच्यामागच्या इंटेलच्या मंडळींत अजय भट्ट होते, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातले. म्हणजे या गोष्टीत गायकवाडांचाही थोडा हात! 2000 साली पेन ड्राइव्ह बाजारात आले आणि फ्लॉपीचं टेबल तसंच त्यांच्यात गेलं.

का टिकलं? कारण ते वाचायला फार थोडा कोड लागतो. कंट्रोलरमधल्या चिपला मेमरी जेमतेम. एका जपानी प्रोग्रामरने 2006 पासून फुकट दिलेली फॅटएफएस नावाची लायब्ररी अशा असंख्य यंत्रांत आहे. लांब फाइलनावांचा भाग त्यात मुळात बंदच असतो. लांब नावांवर मायक्रोसॉफ्टची पेटंट होती आणि 2009 मध्ये त्यांनी टॉमटॉमवर खटला भरला, तो महिन्याभरात तडजोडीने मिटला. उपकरणवाले आठ अक्षरी नावांवर राहिले तर नवल नाही.

आता माझी चूक. डिस्क युटिलिटीत मी घाईने जीयूआयडी पार्टिशन मॅप ठेवला. इंटेल मॅक 2006 ला आल्यापासून मॅकची हीच पद्धत. कंट्रोलरला मात्र फक्त मास्टर बूट रेकॉर्ड कळतो, 1983 च्या पीसी डॉस 2.0 मधला. तो निवडायचा तर आधी 'व्ह्यू'मध्ये जाऊन सगळी डिव्हाइसेस दाखवायला सांगावं लागतं आणि पार्टिशन नव्हे, वरचा अख्खा ड्राइव्ह निवडावा लागतो. तेव्हा कुठे 'स्कीम'चा पर्याय दिसतो. फॉरमॅट एमएस-डॉस फॅट, नाव कॅपिटल अक्षरांत, अकराच्या आत. (इथे चुकून दुसरी डिस्क पुसू नका, बॅकअप असला तरी.)

'फाइल खराब'चं कारण अजून मजेशीर. 1984 च्या मॅकपासून एका फाइलचे दोन भाग असत, डेटा आणि रिसोर्स. परक्या डिस्कवर दुसरा भाग ठेवायला जागा नाही, म्हणून अ‍ॅपलने आपल्या युनिक्ससाठी अ‍ॅपलडबल नावाची युक्ती काढली : शेजारी एक जोडफाइल. तीच आजही चालते. 2007 पासून मॅक उतरवलेल्या फाइलला 'बाहेरून आली' असा शिक्का मारतो. फॅटवर कॉपी करताना तो शिक्का अशाच जोडफाइलीत जातो. नाव तेच, फक्त पुढे टिंब आणि अंडरस्कोअर. फाइंडरमध्ये ती दिसत नाही. कंट्रोलरला दिसते! त्याने ती 4 केबीची फाइलच फर्मवेअर समजून उघडली होती.

टर्मिनलमधून लपलेली फाइल उडवली, इजेक्ट केलं, खोचलं. दिवा सात-आठ मिनिटं लुकलुकत होता. तेवढ्यात कंट्रोलरचा करंट गेला असता तर तो कायमचा दगड झाला असता, म्हणून मामांनी त्याला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर घेतलं होतं. ही अक्कल मला सुचली नव्हती.

एक वाजून दहा मिनिटांनी व्हॉल्व्ह उघडला. मामा लगेच लॅटरल बघायला गेले, मी पेन ड्राइव्ह त्यांच्या खताच्या बिलांच्या डब्यात ठेवला. तो पुन्हा लागेलच.