दोन नद्यांच्या मधले गाव



आपले गाव कृष्णेच्या काठचे. घाट, पूर, नाव आणि नदीचा उत्सव यांची ओळख आपल्याला कोणी करून द्यावी लागत नाही. म्हणूनच आज मी आपल्याला एका परक्या नदीच्या काठाने नेणार आहे. परक्याच्या घाटावर उभे राहिले म्हणजे आपला घाट कधीकधी अधिक स्पष्ट दिसतो, असा माझा अनुभव आहे.

गेल्या उन्हाळ्यात, इकडे पालख्या पंढरीच्या वाटेला लागल्या होत्या तेव्हा, आम्ही मिसिसिपी नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघालो होतो. मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू, सौ. आणि मी. वाहन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच होते. आत शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणी आणि रात्री उलगडायची अंथरुणे. तिकडे त्याला 'आर. व्ही.' म्हणतात. दिवसा गावे पाहावीत, रात्री एखाद्या तळावर मुक्काम करावा, असा क्रम होता. नातवाची अट एकच होती : मुक्कामाला पोहण्याचा तलाव हवा.

पहिले मोठे गाव मिझुरी राज्यातील हॅनिबल. 'मार्क ट्वेन' या नावाने जगाला ठाऊक असलेला सॅम्युएल क्लेमेन्स १८३९ मध्ये, चार वर्षांचा असताना, या गावी आला. आगबोट धक्क्याला लागली की सारे गाव जागे होई, असा तो काळ होता. पुढे हाच मुलगा आगबोटीचा नावाडी झाला. १८५९ मध्ये त्याला परवाना मिळाला. परंतु १८५६ मध्येच रॉक आयलंड येथे मिसिसिपीवर पहिला रेल्वे पूल उभा राहिला होता आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. नदीकाठच्या गावांच्या वैभवाला तेव्हापासून ओहोटी लागली.

नातवाने हकलबेरी फिनची गोष्ट वाचलेली होती. तीत जिम नावाचा गुलाम पळून जातो आणि तराफ्यावरून दक्षिणेला केरो गावाकडे निघतो. तेथून ओहायो नदीने वर मुक्त राज्यांत जाण्याचा त्याचा बेत असतो. पण धुक्यात केरो मागे पडते. नकाशा पाहून नातवाने मला विचारले, "आजोबा, समोरचा काठ इलिनॉयचा. तिथे गुलामगिरी नव्हती. मग जिम नुसता समोर का नाही गेला?"

प्रश्न फार नेमका होता. इलिनॉय १८१८ मध्ये मुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले, तर मिझुरी १८२१ मध्ये गुलामगिरीसह आले. मध्ये फक्त नदी. परंतु कायद्याने मुक्त असलेल्या त्या काठावरही पळून आलेल्या माणसाला पकडून परत देणारे लोक होते. नदी ओलांडणे सोपे होते. माणसांची मने ओलांडणे सोपे नव्हते.

याचा पुरावा पुढच्याच मुक्कामी मिळाला. ऑल्टन हे इलिनॉयच्या काठचे गाव. एलायजा लव्हजॉय नावाचा संपादक गुलामगिरीविरुद्ध लिही, म्हणून सेंट लुईसहून त्याला येथे यावे लागले. येथेही जमावाने त्याची छापयंत्रे नदीत फेकली. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री नव्या यंत्राचे रक्षण करताना तो मारला गेला. हे घडले ते मुक्त काठावर, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्यानंतर आम्ही केरोला पोहोचलो. नाव इजिप्तच्या राजधानीचे, उच्चार मात्र वेगळा. मिसिसिपी आणि ओहायो यांचा येथे संगम होतो. ज्याने कराडचा प्रीतिसंगम पाहिला आहे त्याला संगमाचे अप्रूप सांगायला नको. पण हे दोन्ही प्रवाह अफाट आहेत. भूगोलाने या गावाला काय दिले नव्हते? दोन महानद्या होत्या, रेल्वे होती. १८६१ मध्ये सेनापती ग्रँटने येथेच आपला तळ दिला आणि येथून त्याच्या फौजा दक्षिणेत उतरल्या. १९२० मध्ये गावाची लोकसंख्या पंधरा हजारांवर होती. २०२० च्या शिरगणतीत ती १,७३३ भरली. मुख्य रस्त्यावर बंद दुकानांची रांग होती. उन्हाने कावलेल्या नातवाने विचारले, "इथे पोहायचा तलाव कुठे आहे?"

माझ्या मुलाने त्या गावचा इतिहास वाचलेला होता. त्याने सांगितले ते असे. तलाव होता, पण तो फक्त गोऱ्यांसाठी. १९६२ मध्ये तरुणांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे अमेरिकेच्या संसदेत गेलेले जॉन लुईस त्यांच्यात होते. तो सर्वांबरोबर वापरण्यापेक्षा बंद करणे गावाने पत्करले. १९६९ मध्ये काळ्या रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, कारण तेथे त्यांना नोकरी देत नसत. तो काही वर्षे चालला. अनेक दुकानदारांनी दुकान बंद केले, पण काळा माणूस कामावर ठेवला नाही. पूल झाले, नदीवरचा व्यापार आटला, ही कारणे खरीच. पण ती इतर गावांनाही होती. या गावाने आपल्या हातानेही आपले दार लावून घेतले.

नातू गप्प झाला. मग म्हणाला, "आपल्या गावी असं नव्हतं ना?"

श्रोतेहो, खोटे सांगणे सोपे होते. पण मी त्याला सांगितले की, आपल्या नदीवर उतरण्याच्या जागा वेगवेगळ्या होत्या. आमच्या विहिरीला काही माणसे हात लावू शकत नसत; ती घागर घेऊन दूर उभी राहत आणि मी, तुझ्याच वयाचा असताना, वरून पाणी ओतीत असे. आपण पुण्य करतो आहोत असे मला तेव्हा वाटे. त्याने विचारले, "त्यांना काय वाटायचं?" मी कधी विचारले नव्हते.

आपला इतिहास या प्रश्नाला अपरिचित नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा त्यांना हे दोन्ही काठ एकाच नदीचे दिसले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना ते पाणी प्राशन करण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर सत्याग्रहींना मारही खावा लागला. कायद्याने खुले झालेले पाणी माणसांनी अडवून धरले होते.

त्या संध्याकाळी संगमावर आम्ही डबा उघडला. नातू पाण्यात पाय सोडून बसला होता. आज घरी जाताना आपण घाटावरून जाल. कोणत्या पायऱ्या कोणाच्या होत्या, हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारावे आणि मुलांना बरोबर न्यावे, एवढीच माझी विनंती आहे.