सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स

सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही कर्करोगावरील उपचारांसाठी दूरच्या गावांहून मोठ्या शहरांत येणाऱ्या बालकांना व त्यांच्या पालकांना उपचारकाळात विनामूल्य निवास आणि पूरक साहाय्य देणारी भारतीय सेवाभावी संस्था आहे. श्यामा कविरत्ने व निहाल कविरत्ने या दांपत्याने इ.स. २००६ मध्ये मुंबईत तिची स्थापना केली. संस्था स्वतः वैद्यकीय उपचार करीत नाही. ते काम रुग्णालयांचे असते. रुग्णालयाच्या दोन फेऱ्यांमधील काळात मूल कोठे राहते, काय खाते आणि ठरल्या दिवशी परत येते की नाही, हा या संस्थेच्या कामाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहते. ही तफावत केवळ औषधांच्या उपलब्धतेची नाही. रोगाचे निदान न होणे, चुकीचे होणे किंवा उशिरा होणे, औषधांच्या विषारी परिणामांमुळे मृत्यू ओढवणे आणि उपचार मध्येच सोडून देणे ही तिची प्रमुख कारणे मानली जातात. त्यांतील शेवटचे कारण बहुतांशी वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे. बालकर्करोगाच्या क्षेत्रात सलग चार किंवा अधिक आठवडे ठरलेले उपचार चुकल्यास ते 'सोडले' असे समजण्याचा संकेत आहे.

उपचार का सुटतात हे समजण्यासाठी त्यांचे वेळापत्रक पाहावे लागते. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग होय. त्याचे उपचार साधारणतः दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांत रोग आटोक्यात आणला जातो. त्यानंतर काही महिने तीव्र केमोथेरपी आणि शेवटी दीर्घकाळ घ्यावयाच्या गोळ्या असा क्रम असतो. मेंदूतील गाठीवर किरणोपचार द्यावयाचे असल्यास आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच ते सहा आठवडे रोज रुग्णालयात जावे लागते. या साऱ्या काळात मूल प्रत्यक्ष खाटेवर दाखल असते ते थोडेच दिवस. खाटा अपुऱ्या असल्याने आणि अनेक औषधे बाह्यरुग्ण विभागात देता येत असल्याने सकाळी यावे, सलाईन व इंजेक्शन घ्यावे आणि सायंकाळी परतावे, अशी पद्धत रूढ आहे. ज्याचे घर परळला वा ठाण्याला आहे त्याला हे जमते. दरभंग्याहून किंवा मुर्शिदाबादहून आलेल्या शेतमजुराला परतण्यासाठी जागा नसते.

घरी जाऊन पुढच्या तारखेला यावे, हाही मार्ग फारसा उपयोगी नसतो. केमोथेरपीनंतर काही दिवसांनी रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि अशा अवस्थेत आलेला ताप ही तातडीची बाब ठरते. काही तासांत शिरेतून प्रतिजैविके मिळाली नाहीत तर साधा जंतुसंसर्गही जीवावर बेततो. म्हणून डॉक्टर पालकांना रुग्णालयापासून फार लांब न राहण्यास सांगतात. रेल्वे कर्करोगग्रस्त प्रवाशाला शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ करते व सोबत्यालाही मोठी सवलत देते, परंतु ती सवलत ३० तासांचा प्रवास कमी करू शकत नाही.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. गरीब रुग्णांना अल्प दरात वा विनामूल्य उपचार मिळत असल्याने बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, झारखंड, ईशान्येकडील राज्ये आणि बांगलादेशातूनही रुग्ण येथे येतात. परळमधील जेरबाई वाडिया मार्गाच्या पदपथांवर व जवळच्या उड्डाणपुलाखाली प्लास्टिकच्या चटईवर राहणारी रुग्णांची कुटुंबे हे अनेक दशके मुंबईकरांच्या ओळखीचे दृश्य आहे. पदपथावरील धूळ, उघडे अन्न, सार्वजनिक शौचालये आणि पावसाळ्यातील तुंबलेले पाणी यांत प्रतिकारशक्ती गमावलेले मूल ठेवणे म्हणजे रुग्णालयाने केलेले काम बाहेर पुसून टाकण्यासारखेच होते.

रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा उभारण्याची परंपरा मुंबईत त्यापूर्वीही होती. गाडगे महाराजांनी रुग्णालयांजवळ धर्मशाळा बांधण्याचा आग्रह धरला. दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही मोठ्या संख्येने कर्करोगाचे रुग्ण उतरतात. परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे. या संस्थांचे ऋण मोठे आहे. मात्र त्या सर्व वयाच्या व अनेक प्रकारच्या रुग्णांसाठी असल्याने तेथे जागेची चणचण असते, मुक्कामाला बहुधा मुदत असते, आणि केवळ बालरुग्णांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून त्यांची आखणी झालेली नाही.

स्थापना व नाव

निहाल कविरत्ने यांनी युनिलिव्हर उद्योगसमूहात सुमारे चार दशके काम केले. इंडोनेशियातील कंपनीचे प्रमुखपदही त्यांच्याकडे होते. निवृत्तीनंतर लगेचच त्यांनी व श्यामा कविरत्ने यांनी मुंबईत पहिले केंद्र सुरू केले. मोजक्या कुटुंबांपुरते असलेले ते केंद्र पुढील सर्व केंद्रांचा नमुना ठरले.

संत ज्यूड म्हणजे येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी यहूदा तद्दय. सर्व उपाय खुंटलेल्यांचा कैवारी म्हणून कॅथलिक पंथीय त्याचा धावा करतात. भारतात झाशी येथील त्याचे तीर्थस्थान प्रसिद्ध आहे. संस्थेचे नाव त्यावरून आलेले असले तरी प्रवेशाला धर्माची अट नाही. अमेरिकेतील मेम्फिस येथे १९६२ मध्ये सुरू झालेले सेंट ज्यूड बाल संशोधन रुग्णालय ही निराळी संस्था आहे. दोहोंचे क्षेत्र बालकर्करोग आणि दोहोंचे नाव एकाच संतावरून आलेले, यामुळे वृत्तपत्रांतही कधीकधी गल्लत होते.

केंद्राची रचना

प्रत्येक केंद्रात ठरावीक संख्येनेच कुटुंबे राहतात. प्रत्येक कुटुंबाला खाटा व सामानाची जागा असलेला स्वतंत्र कक्ष मिळतो. भोजनाची जागा, स्नानगृहे, कपडे धुण्याची जागा आणि स्वयंपाकघर सामायिक असते. एका मोठ्या दालनात सर्वांनी पथाऱ्या टाकण्याच्या धर्मशाळेच्या रीतीपासून हा मुद्दाम केलेला पालट आहे. एका मुलाचा संसर्ग दुसऱ्याला लागू नये हा त्यामागील वैद्यकीय हेतू. अनोळखी शहरात कुटुंबाला दार लोटून घेता यावे, हा दुसरा. दुसऱ्या हेतूचे मोल पहिल्याहून कमी समजू नये.

स्वयंपाकघराची व्यवस्था या संस्थेचे सर्वांत विचारपूर्वक केलेले अंग म्हणता येईल. एकच मोठी खानावळ चालवणे स्वस्त व सोपे ठरले असते. त्याऐवजी कुटुंबांना कोरडा शिधा दिला जातो आणि सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येकीला स्वतःची शेगडी व जागा असते. केमोथेरपीमुळे मुलाच्या तोंडात फोड येतात, चव बदलते, वास सहन होत नाही. अशा वेळी बंगालमधील मुलाला माशाचे पातळ कालवण आणि भात, तर बिहारमधील मुलाला सत्तू वा मऊ खिचडी, असे आईच्या हातचे व सवयीचे अन्नच घशाखाली उतरते. कुपोषित मुलांना केमोथेरपीचा त्रास अधिक होतो व मात्रा पुढे ढकलाव्या लागतात, म्हणून पोटात चार घास जाणे हा उपचाराचाच भाग आहे. याखेरीज आईला दिवसातून दोनदा हाताला काम मिळते. रोगासमोर हतबल झालेल्या बाईला निदान एवढी गोष्ट आपल्या ताब्यात राहते.

स्वच्छतेचे नियम कडक असतात. चपला बाहेर ठेवणे, हात धुणे, शुद्ध केलेलेच पाणी पिणे आणि स्वतःचा कक्ष स्वतः झाडणे-पुसणे हे पालकांना पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. केंद्रातून रुग्णालयापर्यंत वाहनाची सोय असते. गर्दीच्या लोकलमधून वा बसमधून अशा मुलाला नेणे धोक्याचे असल्यामुळे ही सोय किरकोळ नव्हे.

मुलांसाठी अभ्यास, चित्रकला, संगीत व खेळ यांचे वर्ग, तर मुले व पालक दोघांसाठी समुपदेशन चालते. शाळेची दोन वर्षे बुडाल्यावर मूल पुन्हा वर्गात बसण्यास बिचकते. अक्षरओळख मोडू नये एवढा तरी या अभ्यासाचा उपयोग असतो. पालकांना शिवणकामासारखी कौशल्ये शिकवण्याचाही प्रयत्न होतो. औपचारिक समुपदेशनाइतकाच परिणाम शेजारधर्माचाही होतो. केस गळलेल्या मुलाला पाहून घाबरलेल्या नव्या आईला सहा महिने आधी आलेली दुसरी आई ते पुन्हा येतात हे सांगते, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो हे दाखवते, आणि भाषा वेगळी असली तरी हे सारे कळते.

प्रवेश रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या शिफारशीवरून मिळतो. उपचार संपल्यावर कुटुंब गावी परतते. बऱ्या झालेल्या मुलांच्या पुढील शिक्षण व जडणघडणीसाठी संस्थेचा 'सेंट ज्यूड फॉर लाइफ' हा वेगळा कार्यक्रम आहे.

विस्तार

मुंबईत परळखेरीज कॉटन ग्रीन भागातही संस्थेची केंद्रे आहेत. तेथे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींचा वापर करण्यात आला. टाटा स्मारक केंद्राचे संशोधन संकुल असलेल्या नवी मुंबईतील खारघर येथेही निवासाची सोय आहे. मुंबईबाहेर कोलकाता, दिल्ली, जयपूर, हैदराबाद, चेन्नई, वेल्लोर, गुवाहाटी आणि वाराणसी या शहरांत, तेथील कर्करोग रुग्णालयांच्या सहकार्याने केंद्रे चालतात. वाराणसी व गुवाहाटी येथील केंद्रांचा एक अप्रत्यक्ष लाभ असा की, पूर्वांचल व आसाममधील मुलांना मुंबईपर्यंत येण्याची गरज कमी झाली. संस्थेचा खर्च मुख्यतः व्यक्ती व कंपन्यांच्या देणग्यांतून चालतो.

उपचार सोडण्याच्या प्रमाणावरील परिणाम

टाटा स्मारक रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास उपचार नाकारणाऱ्या वा अर्धवट सोडणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे २० टक्के, म्हणजे पाचांत एक होते. पुढील काही वर्षांत ते ५ टक्क्यांच्या आसपास आले. या काळात रुग्णालयात 'इम्पॅक्ट' प्रतिष्ठानाचे काम सुरू झाले. त्याद्वारे प्रत्येक बालरुग्णामागे निधी, निवास, पोषण, रक्त व समुपदेशन यांची जुळवाजुळव एकाच ठिकाणाहून होऊ लागली आणि तारीख चुकवलेल्या कुटुंबाला दूरध्वनी करून बोलावण्याची पद्धत पडली. निवासाची बाजू सेंट ज्यूडसह अनेक संस्थांनी सांभाळली. या घटीत नेमका कोणाचा किती वाटा, हे वेगळे काढता येत नाही आणि तसा दावा करणेही योग्य ठरणार नाही. मोफत औषध मिळूनही छप्पर नसेल तर कुटुंब परतते, तसेच छप्पर मिळूनही औषधाला पैसे नसतील तरी परततेच.

मर्यादा

भारतात दरवर्षी सुमारे ७५ हजार मुलामुलींना कर्करोग होत असावा असा अंदाज आहे. त्यांतील अनेकांचे निदानच होत नाही अथवा ती योग्य रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत. मोठ्या रुग्णालयाने पाठवलेल्या कुटुंबालाच प्रवेश देणारी कोणतीही निवास संस्था त्या मुलांपर्यंत जाऊ शकत नाही. शहरात आलेल्यांपैकीही सर्वांना जागा मिळत नाही. परळच्या पदपथावरील पथाऱ्या कमी झाल्या असल्या तरी संपलेल्या नाहीत.

निवास व शिधा विनामूल्य असला तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. आयुष्मान भारत (२०१८) वा महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या शासकीय योजना रुग्णालयाचा खर्च उचलतात. पालकांच्या दोन वर्षांच्या रोजगाराचा विचार त्यांत नाही. बहुधा वडील काही महिन्यांनी कामासाठी परततात आणि आई एकटी राहते. गावी आजी-आजोबांकडे ठेवलेल्या भावंडांची परवड हा या आजाराचा सर्वांत कमी नोंदला गेलेला परिणाम आहे. मुलीच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. भारतातील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या बालकर्करोगग्रस्तांत मुलग्यांचे प्रमाण जैविक कारणांनी समजावे त्याहून अधिक आढळते. दूर शहरी जाऊन राहण्याचा निर्णय मुलासाठी जितका सहज घेतला जातो तितका मुलीसाठी घेतला जात नाही, असा याचा अर्थ लावला जातो. हा निर्णय गावातच होतो.

संबंधित संस्था

इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१) ही या क्षेत्रातील जुनी संस्था असून बालपणीचा कर्करोग पार करून आलेल्या तरुणांचा 'उगम' हा गट तिच्याशी संलग्न आहे. दिल्लीस्थित कॅनकिड्स (२००४) ही संस्था अनेक राज्यांतील रुग्णालयांत बालरुग्ण व पालकांसाठी काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या जागतिक बालकर्करोग उपक्रमात २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दरवर्षी १५ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन म्हणून पाळला जातो. सोनेरी फीत ही त्याची खूण होय.