प्रकाशाचा माग

पाहणाऱ्याच्या दृष्टीनेंच सृष्टि घडते, ही गोष्ट आतां पाश्चात्त्य पदार्थविज्ञानानेंहि मान्य केली आहे, असें आपल्याकडील व्याख्यानांतून व प्रवचनांतून वारंवार ऐकूं येतें. त्यास पुरावा म्हणून बहुधा एकच प्रयोग पुढें करण्यांत येतो. दोन फटींतून आलेला प्रकाश पडद्यावर उजेडाचे व अंधाराचे पट्टे उमटवितो. पण तो कोणत्या फटींतून आला हें पाहूं गेलें कीं पट्टे नाहींसे होतात. प्रयोग खरा आहे. त्यावरून काढलेलें अनुमान खरें आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास मात्र त्या प्रयोगाचा सुमारें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लंडन येथील वैद्य टॉमस यंग यानें २४ नोव्हेंबर १८०३ रोजीं रॉयल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. खिडकीच्या झडपेस छिद्र पाडून त्यावर त्यानें जाड कागद लाविला होता व त्या कागदास सुईनें बारीक भोंक पाडिलें होतें. त्यांतून खोलींत आलेल्या उन्हाच्या झोतांत त्यानें इंचाच्या तिसाव्या हिश्शाइतकी रुंद अशी जाड कागदाची पट्टी धरिली. पट्टीच्या छायेंत एकसारखा अंधार दिसावयाचा, तो तेथें प्रकाशरेषा दिसल्या! मग त्यानें पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडविला. त्याबरोबर छायेंतील सर्व रेषा मावळल्या. दुसऱ्या बाजूचा प्रकाश तर पूर्ववत् येतच होता. अर्थात् त्या रेषा कोणा एका बाजूच्या नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या मीलनाच्या होत्या. लाटेच्या शिखरावर शिखर आलें कीं उजेड वाढतो. शिखरावर दरी आली कीं दोन्ही लोपतात. यालाच व्यतिकरण असें नांव आहे. न्यूटनच्या कणवादांत वाढलेल्या विद्वानांस हें रुचलें नाहीं, आणि 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्यें हेन्री ब्रूम यानें यंगवर मोठी कठोर टीका केली. तथापि पुढें फ्रान्समध्यें फ्रेनेल यानें गणिताची जोड दिल्यावर लाटांचा पक्ष विजयी झाला.

विजय शतकभर टिकला. १९०५ सालीं आइन्स्टाइननें असें प्रतिपादिलें कीं प्रकाशाची शक्ति सलग वाहत नसून तिची देवघेव सुट्या पुंजांनीं होते. या पुंजास पुढें फोटॉन हें नांव रूढ झालें. आम्ही त्यास प्रकाशकण म्हणूं. आतां नवाच पेंच उभा राहिला. कण जर एकामागून एक सोडिले, तर मीलन कोणाचें आणि कोणाशीं व्हावयाचें? केंब्रिज येथें जी. आय. टेलर या तरुणानें १९०९ सालीं, काजळी धरलेल्या कांचांनीं गॅसची ज्योत अतिशय मंद करून, सुईच्या छायेचें छायाचित्र घेतलें. मैलाहून थोड्या अधिक अंतरावर जळणाऱ्या मेणबत्तीचा उजेड जेवढा, तेवढाच उजेड त्यानें ठेविला होता, आणि त्या चित्रास सुमारें तीन महिने लागले. तरीहि रेषांचा रेखीवपणा तिळभर उणा झाला नाहीं.

मंद उजेड म्हणजे एकेकटे कणच, असें काटेकोरपणें म्हणतां येत नाहीं, हें खरें. पण ही उणीव १९८६ सालीं फ्रान्समध्यें ग्रांजिए, रोजे व आस्पे यांनीं भरून काढिली. कॅल्शियमच्या अणूंपासून त्यांनीं एकेकटे कण मिळविले. असा कण अर्धपारदर्शक आरशावर सोडिला असतां तो पार गेलेला तरी सांपडे किंवा परतलेला तरी सांपडे. दोहींकडे एकदम सांपडणें जवळजवळ होतच नसे. पण त्याच दोन वाटा पुढें एकत्र आणिल्या कीं व्यतिकरण स्पष्ट दिसे.

मग कण नेमका कोणत्या वाटेनें जातो? ऑक्टोबर १९२७ मध्यें ब्रसेल्स येथें भरलेल्या पांचव्या सॉल्व्हे परिषदेच्या वेळीं आइन्स्टाइन व बोर यांचा वाद झाला तो याच प्रश्नावर. दोन फटींच्या पडद्याआधीं एका फटीचा दुसरा पडदा आहे अशी कल्पना करावी. कण वरच्या फटीकडे वळला तर या पडद्यास खालीं किंचित् धक्का बसेल, खालच्या फटीकडे वळला तर वर बसेल. तो धक्का मोजिला म्हणजे वाटहि कळेल आणि पट्टेहि राहतील, असें आइन्स्टाइनचें म्हणणें. बोरनें उत्तर दिलें कीं, एवढा सूक्ष्म धक्का मोजावयाचा तर पडद्याचा वेग तितकाच अचूक ठाऊक हवा. आणि त्याच वर्षीं हायझेनबर्गनें मांडलेल्या नियमाप्रमाणें वेग जितका निश्चित, तितकें स्थान अनिश्चित. ही अनिश्चितता दोन पट्ट्यांमधील अंतराएवढी होते, आणि पट्टे एकमेकांत मिसळून जातात. हा कल्पनेंतला प्रयोग बहुत काळ कागदावरच राहिला. २०२५ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत केटर्ले व त्याचे सहकारी यांनीं अतिशीत अणूंनाच फटींचें काम दिलें. अणूंची पकड जों जों सैल करावी, तों तों पट्टे फिके होत गेले. बोरचें म्हणणें खरें ठरलें.

बोरच्या या उत्तरावरून अनेकांनीं असा समज करून घेतला कीं मोजमाप म्हणजे धक्का, आणि त्या धक्क्यानेंच पट्टे मोडतात. हा समज अपुरा आहे. तो कां अपुरा आहे हें १९९१ सालीं रॉचेस्टर येथें झौ, वांग व मँडेल यांच्या प्रयोगानें दाखविलें. लेसरचा झोत दोन स्फटिकांवर विभागून सोडिला होता. स्फटिकांत क्वचित् एका कणाचे दोन जुळे कण होतात. त्यांतील एकास आपण मुख्य म्हणूं, दुसऱ्यास सोबती. दोन्ही स्फटिकांतील मुख्य कणांच्या वाटा एके ठिकाणीं मिळविल्या होत्या. सोबत्यांची व्यवस्था अशी कीं पहिल्या स्फटिकांतला सोबती दुसऱ्या स्फटिकांतून आरपार जाऊन तेथल्या सोबत्याच्याच वाटेस लागावा. त्यामुळें सोबत्याकडे पाहून जोडी कोणत्या स्फटिकांत जन्मली हें सांगतां येईना. आणि मुख्य कणांचें व्यतिकरण दिसलें. मग दोन स्फटिकांच्या दरम्यान सोबत्याच्या वाटेवर आडोसा धरिला. मुख्य कणांस कोणीं स्पर्शहि केला नव्हता. तरीहि व्यतिकरण नाहींसें झालें! आतां सोबत्याची नोंद झाली तर जोडी दुसऱ्या स्फटिकांतली, न झाली तर पहिल्यांतली, असा भेद करणें शक्य झालें होतें. तो भेद कोणी प्रत्यक्ष केला कीं नाहीं, यास कांहींच महत्त्व नव्हतें. आडोसा अर्धवट पारदर्शक घेतला तर व्यतिकरण त्या मानानें फिकें होई.

या फिकेपणाचाहि हिशेब आहे. १९९६ सालीं एंगलर्ट यानें तो नेमका मांडला. वाटेचा माग किती स्पष्ट व पट्टे किती ठळक, हीं दोन्ही शून्यापासून एकापर्यंतच्या अंकांनीं मोजिलीं, तर त्यांच्या वर्गांची बेरीज एकाहून अधिक होत नाहीं. माग ०.६ असेल तर पट्टे फार तर ०.८, माग पूर्ण असेल तर पट्टे शून्य. या सूत्रांत पाहणाऱ्याचें मन कोठेंच येत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या अनुमानाचें काय झालें? यंग तर आपल्या रेषांकडे डोळे लावून बसला होता; त्याच्या पाहण्यानें त्या पुसल्या गेल्या नाहींत, आडोशानें पुसल्या गेल्या. रॉचेस्टर येथें सोबती कणाकडे कोणी पाहत नव्हतें, तरी व्यतिकरण गेलें. पट्टे घालवितो तो डोळा नव्हे, आणि सर्वत्र धक्काहि नव्हे. कण कोणत्या वाटेनें आला याचा माग जगांत कोठें तरी उरणें, हें त्याचें कारण. मग तो माग भिंतीवर उरो, अणूंत उरो, कीं दूर गेलेल्या जुळ्या भावंडांत उरो.

याचा अर्थ सर्व गूढ उकललें असा नव्हे. मागानें पट्टे कां जातात तें कळतें. पण अनेक शक्यतांपैकीं एकच घटना प्रत्यक्षांत कां येते, यावर शास्त्रज्ञांत आजहि मतैक्य नाहीं. तेथें विचारास भरपूर जागा आहे, आणि तत्त्वज्ञानींहि तेथें अवश्य यावें. परंतु वेदांताचा सिद्धांत उभा राहावयाचा तर तो स्वतःच्या प्रमाणांवर राहील. त्यास, जें पाहिलेंच नाहीं त्याची साक्ष देणारा उसना साक्षीदार कशास हवा? आणि शास्त्रास तर असा मान मुळींच नको. एका खोलींतील बारीकसा प्रकाशझोत व कागदाची एक पट्टी यांनीं जें सांगितलें, तें नीट ऐकून घेणें एवढाच त्याचा खरा मान आहे.