जुहू की सांताक्रूझ?

मंडळी, आमचं उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तिथे इतिहास म्हटला की सिंहगड, विमानांबद्दल कोण बोलणार! पण मान वर करून विमानं ओळखायची माझी खोड तिथलीच. नोकरीसाठी मुंबईत आलो, कॅमेरा घेतला, झूम लेन्स घेतली आणि मग जुहूच्या नादी लागलो.

१९२८ सालचा हा विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले, एका इंजिनाच्या पस मॉथमधून. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढची गंमत मात्र नसते.

जुहू आणि सांताक्रूझ, दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. समुद्राकडून येताना आधी जुहू लागतं. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट, म्हणजे तेव्हाचं नवंकोरं जेट, चुकून जुहूलाच उतरलं. काही दिवसांनी ते तिथूनच उडवून बाहेर काढलं (वैमानिकाला सलाम!). २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तोच घोळ घातला. चार इंजिनांचं धूड आणि धावपट्टी जेमतेम १,१४० मीटर! थांबणार कुठे? पट्टी संपली, विमान पुढे गेलं ते थेट भंगारात. कुणी दगावलं नाही, हे नशीब.

वैमानिकांना हसणं सोपं आहे हो. आम्ही हौशी लोक शेपटीवरचा रंग बघून विमान ओळखतो. धावपट्टीला कुठली आलीये शेपटी? आता जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरंच दिसतात.