बंडीची धाव आणि मोटारीचे चाक

अमरावतीहून अकोल्याकडे निघालेला कोणताही मोटारवाला गॅरेजात भेटला, तर त्याच्या तोंडी एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी एका अंगाला ओढते, पुढचा टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, चाकांचे अलाइनमेंट करून आणले, पैसे मोजले, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच! असे का व्हावे? मिस्त्री चोर, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण चाक सरळ ठेवण्याचा प्रश्न आपल्या वऱ्हाडात मोटारीच्याही आधीचा आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे या तक्रारीचे उत्तरही पुष्कळसे सापडते.

वऱ्हाडचा कापूस एके काळी चाकांवरून नव्हे, बैलांच्या पाठीवरून जाई. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईला कापसाचा पहिला मोठा माल धाडला, तो पाचशे बैलांवर लादून. कारण उघड आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात चाकाला तुंब्यापर्यंत गिळते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. आता जिनिंगपासून ठेसनापर्यंत माल न्यायला बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. रेल्वे आली म्हणून बंडी गेली नाही. उलट बंडीचे काम वाढले.

या बंडीचे चाक नीट पाहा. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. धाव आकसते, सारे सांधे करकचून बसतात. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव ढिली होते, म्हणून शेतकरी चाक पाण्यात टाकून ठेवतो. आणि कण्यावर फिरून फिरून तुंब्याचे भोक झिजले की चाक डुलू लागते. मग धाव कितीही नवी चढवा, चाक डुलायचे ते डुलणारच, आणि धाव एकाच कडेने झिजणार. आजच्या मोटारवाल्याचे दुखणे नेमके हेच आहे, पण तिकडे मागाहून येऊ.

बंडीला एक सुख होते. तिला सुकाणू नाही. दोन चाके एका कण्यावर, वळवायचे काम बैलांचे. चार चाकांची गाडी झाली की घोटाळा सुरू होतो. तो समजायला शाळेत फळ्याची गरज नाही, खळ्याची आठवण पुरे. मेढीभोवती बैलांची पात फिरत असते तेव्हा मेढीजवळचा बैल सावकाश, लहान फेरा घेतो आणि कडेचा बैल भराभर, मोठा फेरा घेतो. मोटार वळते तेव्हा तिच्या पुढच्या दोन चाकांचे असेच असते. आतले चाक लहान वर्तुळावर, बाहेरचे मोठ्या वर्तुळावर. म्हणून आतल्या चाकाने जास्त वळले पाहिजे आणि बाहेरच्याने कमी. दोन्ही सारखीच वळली तर एक चाक रस्त्यावर घासत जाणार. गुरुजींनी मुलांची रांग करून कवायतीत ती वळवून दाखवावी. मुलांना हे जन्मभर विसरणार नाही.

ही युक्ती म्युनिकचा गाडीवाला गेऑर्ग लांकेन्सपेर्गर याने १८१७ च्या सुमारास काढली. आखा कणाच वळवण्याऐवजी प्रत्येक पुढच्या चाकाला त्याची स्वतःची खुंटी द्यायची. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ साली घेतले रुडॉल्फ आकरमान याने. हा गृहस्थ मूळचा जर्मन, आणि लंडनात नाव कमावले ते चित्रे आणि पुस्तके विकून! युक्ती एकाची, नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट फक्त आपल्याच गावात घडते असे नव्हे. आजही जगभर त्या रचनेला आकरमानचेच नाव आहे. पुढे १८७८ साली फ्रान्समधल्या झांतोने ती सुधारली. कार्ल बेन्झने १८८६ साली पहिली मोटार केली ती तीन चाकांची, कारण दोन पुढची चाके नीट वळवण्याची रचना त्याच्या मनाजोगी साधली नव्हती. ती साधून त्याने पेटंट घेतले तेव्हा १८९३ साल उजाडले होते.

बरे, वळण्याचे जमले. पण सरळ जाताना चाक कसे उभे असावे? यात तीन कल येतात. पहिला, समोरून पाहिले तर चाक वरच्या बाजूने आत झुकले आहे की बाहेर. याला मिस्त्री कॅम्बर म्हणतात. दुसरा कॅस्टर. तो सायकलवर दिसतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्याच्या दांड्याच्या रेषेत एक काठी धरून जमिनीपर्यंत न्या, काठी चाक टेकते त्याच्या थोडी पुढे टेकेल. म्हणून चाक मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ होते. तिसरा टो, म्हणजे वरून पाहिले तर दोन चाकांची नाके एकमेकांकडे वळली आहेत की एकमेकांपासून दूर.

यात टायर खाणारा मुख्य चोर टो. हिशेब करून पाहू. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरा, आणि दोन चाकांच्या पुढच्या व मागच्या अंतरात फक्त ३ मिलिमीटरचा चुकीचा फरक पडला असे समजा. ३ ला ६०० ने भागा. दर किलोमीटरला दोन्ही टायर मिळून ५ मीटर आडवे घासले जातात. अकोला ते अमरावती सुमारे १०० किलोमीटर. म्हणजे एका खेपेत अर्धा किलोमीटर टायर नुसता फरफटत गेला! वावरात वखर आडवा ओढल्यासारखेच झाले हे.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. ज्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत आणि आता ५३ म्हणतात, त्यावर अमरावती ते अकोला या टापूत २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. मोठीच गोष्ट, यात शंका नाही. पण महामार्ग सोडून दर्यापूर, अंजनगाव, बाळापूरकडच्या आडवाटांना लागा, म्हणजे काळी माती आपला गुण दाखवते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याची कड आधी भिजते, आधी सुकते. म्हणून कडा फुटतात, कडेच्या अंगाने लांब चिरा पडतात, मधला भाग बरा राहतो. आपण डाव्या बाजूने चालतो. तेव्हा समोरून ट्रक आला की आपले डावे चाक फुटक्या कडेवरून खाली उतरते आणि पुन्हा चढते. डाव्या पुढच्या चाकाकडे आधी संशयाने पाहावे, ते यासाठी.

पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या अलाइनमेंटचे मर्म येथेच आहे. मशीनवर मिस्त्री टो जुळवतो म्हणजे दांड्याची लांबी कमी-जास्त करतो. पण दांड्याच्या टोकाचा गोळा झिजला असेल, खालच्या आर्मचे रबरी बुश फाटले असेल किंवा चाकाचे बेअरिंग ढिले असेल, तर उभ्या गाडीत आकडा बरोबर दिसतो आणि रस्त्यावर ब्रेक मारताच चाक दुसरीकडे वळते. झिजक्या तुंब्यावर नवी धाव! म्हणून मोजण्याआधी गाडी जॅकवर व्यवस्थित उचलून, खाली आधार देऊन, चाक वर-खाली आणि मग डावे-उजवे धरून हलवून पाहायला सांगा. वर-खाली हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, नुसते डावे-उजवे हलले तर स्टिअरिंगच्या दांड्या, असा साधारण अंदाज बांधता येतो. बॉल जॉइंट फार झिजला असेल तर टायरची चिंता सोडा. तो निसटला की चाक आडवे पडते, त्या गाडीत मुलेबाळे घेऊन निघू नये.

सांधे सारे घट्ट, तरी गाडी ओढतेच? मग आधी दोन्ही बाजूंची हवा सारखी करा. त्यानंतर पुढचे दोन टायर आपसांत बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हे करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, गाडीचा नव्हे. काही अंतर चालवून थांबा आणि हात न लावता, नुसता जवळ नेऊन पाहा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. आणि एवढेही ध्यानात घ्या की पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. थोडीशी डावी ओढ त्या उताराची असते, तिच्यासाठी पैसे घालवू नका. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर तो बहुधा चाकाच्या तोलाचा, बॅलन्सिंगचा दोष.

टायरवर तळहात आडवा फिरवून पाहण्याची सवय करा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो चुकला. एकच कड झिजली तर बहुधा कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधेच झिजला तर हवा जास्त. ठिकठिकाणी खळगे पडले तर शॉक अब्सॉर्बर तपासा.

एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. मागची चाके जर गाडीच्या मध्यरेषेशी तिरकी बसली असतील, तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. पुढचे कितीही जुळवा, उपयोग नाही. तसेच वाकलेला आर्म आणि दबलेली स्प्रिंग. संत्र्याच्या पेट्या आणि सरकीची पोती लादून स्प्रिंग कायमची बसली, की गाडीची उंची बदलते आणि उंचीबरोबर कलही बदलतात.

मशीनवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या आणि त्यावर तारीख व किलोमीटर लिहून गाडीत ठेवा. पुढच्या वेळी दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे दिसते, की दर वेळी एकच चाक हलते आहे की सगळीच. एकच हलत असेल तर त्या चाकामागचा एखादा भाग वाकलेला किंवा झिजलेला आहे, आणि तो बदलल्यावाचून पुन्हा मशीनवर गाडी चढवू नये.