मारबत व बडगे

नागपूर शहरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मिरवणुकीने रस्त्यावर येणारे आणि मिरवणूक संपताच जाळले जाणारे भव्य पुतळे. स्त्रीरूपातील पुतळ्याला मारबत आणि पुरुषरूपातील पुतळ्याला बडग्या म्हणतात. नागपूरकर याकडे सण म्हणून पाहतात. पण दरवर्षी नव्याने घडणारे, उघड्या रस्त्यावर सर्वांना विनामूल्य पाहता येणारे आणि मुद्दाम नष्ट केले जाणारे हे महाराष्ट्रातील एक जुने कलाप्रदर्शनही आहे. १८९३ मध्ये पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. परंपरेनुसार काळी मारबत त्याच्या बारा वर्षे आधीच निघू लागली होती.

पार्श्वभूमी : विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा भरतो. बैलांना सजवून, पूजा करून घरोघर फिरवतात. दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. याच दिवशी पहाटे गावातली रोगराई वेशीबाहेर घालवण्याची रीत आहे. दारांशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उचलून शिवाराबाहेर नेतात आणि इडापिडा, खोकला, ताप ‘घेऊन जा गे मारबत’ अशी हाक देतात. पावसाळ्याच्या शेवटी साथी पसरत, तेव्हा गावाने मिळून रोगाला निरोप देण्याचा हा विधी होता. नागपुरात याच विधीला पुतळ्यांचे रूप मिळाले.

उगम : आयोजक मंडळांच्या परंपरेनुसार काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते. पिवळ्या मारबतीची परंपरा जागनाथ बुधवारी भागातील तऱ्हाने तेली समाजाने जपली आहे. काळ्या मारबतीविषयी दोन कथा सांगतात. एका कथेनुसार ती कृष्णाने मारलेली पूतना असून गावकऱ्यांनी तिचा देह गावाबाहेर नेऊन जाळला. दुसऱ्या कथेनुसार ती नागपूरचे राजे दुसरे रघुजी भोसले यांची राणी बाकाबाई होय. बाकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, हा राग लोकांनी पुतळ्यातून व्यक्त केला, असे मानतात. इंग्रजांनी नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा केले आणि बाकाबाईचे निधन १८५८ मध्ये झाले. त्यामुळे १८८१ मध्ये तो काळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे शहरात होती. परकी सत्तेवर उघड बोलणे धोक्याचे असताना धार्मिक विधीच्या आडून तिचा निषेध करणे शक्य होते, हे या कथेतून कळते. पिवळी मारबत मात्र रोगराईपासून रक्षण करणारी मानली जाते. लोक तिचे श्रद्धेने दर्शन घेतात.

घडण : सांगाडा बांबू व कामट्यांचा असतो. त्यावर कागद आणि कापड चढवून रंग देतात, मग वस्त्रे व दागिने घालतात. पुतळे माणसाच्या कितीतरी पट उंच असतात. ते गल्लीबोळांतून न्यायचे असल्याने आकार ठसठशीत, पण वजन बेताचे ठेवावे लागते. दुरून आणि गर्दीतून दिसायचे म्हणून डोळे, तोंड व रंग भडक असतात. हे कसब वस्त्यांतल्या कारागिरांनी घरच्या घरी, हाताखाली काम करून पुढच्या पिढीला दिले आहे.

बडगे : मारबतींची रूपे परंपरेने ठरलेली असतात, बडगे मात्र दरवर्षी बदलतात. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, खड्डे, बेरोजगारी, त्या वर्षी लोकांच्या मनातून उतरलेले पुढारी असे त्यांचे विषय असतात. पुतळ्यासोबत घोषणांचे फलक असतात आणि भाषा रोखठोक वऱ्हाडी-नागपुरी असते. मंडळांबरोबर वस्तीतली मुलेही लहान बडगे करतात. कोणता विषय घ्यायचा हे वस्ती ठरवते, म्हणून त्या वर्षी सामान्य नागपूरकराला काय सलत होते ते बडग्यांवरून कळते.

मिरवणूक : काळी व पिवळी मारबत आपापल्या वस्तीतून निघतात आणि इतवारी भागातील नेहरू पुतळा चौकात समोरासमोर येतात. ही भेट पाहण्यासाठी विदर्भासह मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही लोक येतात. पुढे पुतळ्यांचे दहन होते. कोरोनाच्या साथीत मिरवणुकीवर निर्बंध आले होते.

तुलना : मुंबईत १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव चित्रे-शिल्पे दालनाबाहेर आणून रस्त्यावर मांडतो. नागपूरची कला रस्त्यावरच जन्मली, तिला दालनाची ओळखही नाही. स्वरूपाने मारबतीला अधिक जवळचा उत्सव स्पेनमधील वॅलेन्सिया शहराचा ‘फायास’ आहे. तिथे राजकीय व सामाजिक टीका करणारे पुतळे चौकाचौकांत उभारून १९ मार्चच्या रात्री जाळतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तिथे १९३४ पासून लोकांच्या मताने एक पुतळा आगीतून वाचवून संग्रहालयात ठेवतात.

महत्त्व : दहन हा या कलेचा शेवट नसून तिच्या अर्थाचाच भाग आहे. जळाल्याशिवाय इडापिडा जात नाही, म्हणून पुतळा टिकवण्याचा आग्रह धरणे चूक ठरेल. टिकवायची आहे ती त्याची माहिती : कारागिरांची नावे, सांगाडा बांधण्याची पद्धत, दरवर्षीचे बडगे, त्यांवरचे फलक आणि छायाचित्रे. गणेशोत्सवातील देखाव्यांवर विपुल लेखन झाले आहे. त्याहून जुन्या असलेल्या या परंपरेचीही वर्षवार नोंद झाली, तर सुमारे दीडशे वर्षांत नागपूरच्या सामान्य माणसाने कोणत्या सत्तेला, कोणत्या रोगाला आणि कोणत्या अन्यायाला वेशीबाहेर हाकलले, याचा इतिहास त्याच्याच शब्दांत लिहिता येईल.